मुक्या रोग्याचें ऋण

मनुष्याच्या नीतीची परीक्षा मोठ्या प्रसंगीं होते, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळें धर्माधर्माचा विचार करावयाचा झाला म्हणजे आपण रणांगण, राजसभा किंवा वनवास यांकडे वळतों. परंतु गृहस्थाश्रमी मनुष्याच्या वांट्यास असले प्रसंग क्वचितच येतात. त्याची परीक्षा बहुधा महिन्याच्या वीस तारखेनंतर, पाकीट हलकें झालें असतां, घरांतल्या घरांत आणि कोणी पाहत नसतांना होते. असाच एक प्रसंग गेल्या श्रावणांत आमच्यावर आला, आणि त्या कसास आम्ही उतरलों नाहीं. त्या प्रसंगाचा नायक एक कुत्रा होता, एवढ्यावरून वाचकांनीं विषय क्षुद्र मानूं नये, अशी विनंति करून आरंभ करितों.

मोत्या आमच्या दारीं आठ वर्षें होता. जातीनें गांवठी, रंगानें तांबूस, आणि स्वभावानें इतका गरीब कीं पोस्टमनवर भुंकण्याचें कुलव्रतहि त्यानें कधीं पाळलें नाहीं. एके दिवशीं त्यानें भाकरी हुंगून तशीच सोडली. अंग तापलें होतें, आणि कानाच्या पाळीखालीं दोन-चार गोचिडी फुगून बसल्या होत्या. खाजगी पशुवैद्याची फी, रक्ताची तपासणी, सलाईन यांचे शेजाऱ्यांनीं सांगितलेले आंकडे आमच्या कानीं होते. 'पावसाळी ताप असेल, उतरेल,' असें म्हणून अंगदुखीवर आम्ही स्वतः घेत असलेली आयबुप्रोफेनची गोळी आम्हीं गुळांतून त्याला दिली. दुसऱ्या दिवशीं आणखी एक दिली. तिसऱ्या दिवशीं त्याची विष्ठा डांबरासारखी काळी झाली आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. तेव्हां धांवत त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेलें. तेथील डॉक्टरांनीं शांतपणें समजावून सांगितलें. गोचिडीच्या तापानें रक्ताची गोठण्याची शक्ति आधींच कमी झाली होती. त्यांत आमच्या गोळीनें पोटांत व्रण पाडले. पहिल्या दिवशीं आणलें असतें, तर बहुधा साध्या डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्यांनीं काम भागलें असतें. मोत्या त्याच रात्रीं गेला. त्या दवाखान्याच्या केसपेपरास आम्हांस दोन कप चहाइतकेहि पैसे पडले नव्हते.

दुसऱ्या दिवशीं धाकटीनें विचारलें, "बाबा, त्याला आधींच डॉक्टरांकडे कां नाहीं नेलें?" "पैसे नव्हते, बाळ," असें आम्हीं उत्तर दिलें. तिनें तें मानलें. गरिबीची सबब मुलें सहज मानतात. आम्हांस मात्र तें उत्तर कित्येक दिवस टोंचत राहिलें, कारण तें खरें नव्हतें. त्याच आठवड्यांत एका नातलगाच्या बारशास आम्हीं रीतीप्रमाणें आहेर केला होता, आणि त्याची रक्कम पशुवैद्याच्या फीपेक्षां कमी नव्हती. मग आम्हांस अडविलें कोणीं?

प्रथम अज्ञानाकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. मनुष्यास मानवणारी गोळी कुत्र्यास विषासमान ठरूं शकते, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. परंतु जें ठाऊक नाहीं तें न करण्याइतकें शहाणपण तरी असावें; स्वतःच्या मुलीस अपरिचित औषध देतांना आम्हीं दहा वेळां विचार केला असता. दुसरी सबब काटकसरीची. काटकसर हा मध्यम स्थितींतील गृहस्थाचा सद्गुण आहे. पण काटकसरी मनुष्य आधीं चौकशी करितो, आणि आम्हीं ती केलीच नव्हती. राहतां राहिलें तिसरें कारण, आणि तें कबूल करावयास जड जातें. तें म्हणजे लाज. खाजगी दवाखान्याच्या मेजापुढें उभें राहून 'आमच्याजवळ इतकेच रुपये आहेत, यांत काय होईल तें करा,' असें म्हणण्याची एक लाज; आणि सरकारी दवाखाना हा गाईम्हशींचा व गरिबांच्या शेळ्यांचा, तेथें आपण कसें जावें, ही दुसरी लाज. या दोन लाजांच्या मध्यें मोत्याचे तीन दिवस गेले. प्रतिष्ठा आमची राखली गेली. तिची किंमत त्यानें दिली.

येथें कोणी विचारील कीं, ज्या देशांत पुष्कळ माणसांना वेळेवर औषध मिळत नाहीं, तेथें कुत्र्याच्या औषधाची चिंता ही सुखवस्तु लोकांची चैन नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. तो हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. पण त्यांत एक गृहीत गोष्ट आहे. कुत्र्यावर न खर्चिलेला रुपया रोगी माणसाकडे जातो, असें आक्षेपक धरून चालतो. आमचा रुपया तसा गेला नाहीं. तो आमच्याच खिशांत राहिला. शिवाय या दोन दया एकमेकींच्या सवती आहेत, असें आपल्या पूर्वजांस वाटत नव्हतें. सम्राट् अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत मनुष्यांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा यांचा उल्लेख एकत्रच आहे. पिसाळण्याच्या रोगाचें उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारें आहे. १८८५ सालीं पाश्चरनें चावा घेतलेल्या मुलास लस देऊन वांचविलें, हें आपण जाणतों. तथापि रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे आजहि माणूस बहुधा वांचत नाहीं, आणि तो रोग माणसापर्यंत येऊं न देण्याचा खात्रीचा मार्ग कुत्र्याच्या दंडांतूनच जातो. गोव्यांत कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोंचण्याची मोहीम झाली, आणि २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तेथें या रोगानें एकहि मनुष्य दगावल्याची नोंद झाली नाहीं. कुत्र्यावर केलेला खर्च तेथें मुलांच्या कामीं आला.

आतां या ऋणाचें मूळ कोठें आहे, तें पाहूं. महाप्रस्थानाच्या वेळीं युधिष्ठिरानें कुत्र्यास सोडून स्वर्गांत जाण्याचें नाकारलें, ही कथा आपण सर्वांनीं ऐकिलेली आहे. तिचें मर्म असें कीं, त्या कुत्र्याला त्यानें बोलाविलें नव्हतें. तो केवळ मागें आला होता, आणि तेवढ्यानेंच धर्मराजावर त्याचा हक्क उत्पन्न झाला. आमची स्थिति याहून अधिक बांधील आहे. आम्ही पिलास आईपासून उचलतों, त्याला दारांत बांधतों, आणि त्याचें खाणें, फिरणें, विणें हें सर्व आमच्या इच्छेवर ठेवितों. रोग झाला असतां तो आपल्या पायांनीं वैद्याकडे जाऊं शकत नाहीं, आणि कोठें दुखतें तें सांगूं शकत नाहीं. त्याचे पाय आणि त्याची वाचा या दोन्ही गोष्टी आम्हीं आपल्याकडे ठेवून घेतल्या आहेत. त्या वेळेवर परत करणें, यालाच आम्ही ऋण म्हणतों. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची भक्ति आम्हां संसारी जनांस साधणार नाहीं. पण ऋण फेडण्यास संतपण लागत नाहीं, प्रामाणिकपणा लागतो. १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानेंहि जनावर ज्याच्या ताब्यांत असेल त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी टाकिली आहे.

महात्मा गांधींनीं हीच गोष्ट कठोर शब्दांत मांडिली होती. १९२६ सालीं अहमदाबादेस एका गिरणीमालकानें साठ भटके कुत्रे मारविले, आणि गांधींनीं त्याचा निषेध केला नाहीं, तेव्हां मोठें वादळ उठलें. त्यांच्या निष्कर्षाशीं आम्ही सहमत नाहीं. आज लसीकरण आणि निर्बीजीकरण हे मार्ग उपलब्ध आहेत. पण त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा विचार करण्यासारखा आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यास तुकडा टाकून पुण्य जोडावयाचें आणि त्याची जबाबदारी मात्र घ्यावयाची नाहीं, ही दया खोटी, असें ते म्हणत. आम्हीं तर दारांत बांधलेल्या कुत्र्याशींहि तसेंच वागलों. तुकडा टाकिला, जबाबदारी टाळली.

मग या ऋणास मर्यादा नाहीं काय? ती अवश्य आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठीं घर गहाण ठेवावें, मुलांचें शिक्षण थांबवावें, असें सांगणारा मनुष्य नीति शिकवीत नसून देखावा करीत आहे. आमच्या समजुतीप्रमाणें या ऋणाचा पहिला हप्ता लक्ष देण्याचा आहे, पैशाचा त्यानंतर. कुत्र्यांस गांठणारे बहुतेक रोग लक्ष दिल्यानें टळतात किंवा लवकर सांपडतात. पिलाला पहिले तीन महिने दर पंधरवड्यास जंताचें औषध आणि दीड-दोन महिन्यांचें झाल्यावर लसींची सुरुवात, एवढ्यानें रक्ताची हगवण लावणारा पार्व्हो आणि मेंदूपर्यंत पोंचणारा डिस्टेंपर हे दोन काळ बहुतांशीं दूर राहतात. तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळण्याची लस, आणि पुढें ठरल्या वेळीं ती पुनः. पावसाळ्यांत अंगावरून रोज हात फिरवून कान, काख व बोटांच्या सांदी पाहिल्या तर गोचिडी वेळींच सांपडते, आणि या तपासणीस एक पैसाहि लागत नाहीं. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या सांचलेल्या पाण्यापासून त्याला दूर ठेवावें. मनुका, द्राक्षें, कांदा, चॉकलेट हीं प्रेमानें देऊं नयेत. गोचिडीवर रॉकेल आणि खरजेवर जळकें ऑईल हे उपाय अजून कित्येक घरांत चालतात. त्यांत कातडी भाजते, आणि चाटल्यानें तें विष पोटांत जातें. एक दिवसाहून अधिक अन्न सोडणें, हिरड्या फिक्या पडणें, पोट एकाएकीं फुगणें, लघवी अडणें, झटका येणें, वयस्क मादीस माजानंतर पू जाऊं लागणें, हीं लक्षणें दिसलीं असतां घरगुती विचारविनिमय बंद करून उठावें. आम्ही उठलों नाहीं.

उठून जावें कोठें? जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने गांवोगांव आहेत, आणि तेथें कुत्र्यासहि तपासतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांना जोडलेलीं रुग्णालयें आहेत. मुंबईचें महाविद्यालय १८८६ पासून परळास चालू आहे, आणि त्याच परळांत बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें धर्मादाय इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून उभें आहे. तेव्हांच्या शेटसावकारांस यांत कमीपणा वाटला नाहीं, तो आमच्यासारख्या नोकरदारास कां वाटावा?

खाजगी पशुवैद्याकडेहि सरळ बोलतां येतें, हें आम्हीं फार उशिरां शिकलों. तोहि संसारी मनुष्य आहे. पांच-साडेपांच वर्षें शिकून, १९८४ च्या कायद्याप्रमाणें नोंदणी करून बसलेला. ओळखीच्या जोरावर त्याच्याकडून दूरध्वनीवर फुकट औषध काढूं पाहणें हें त्याच्या विद्येची चोरी करण्यासारखें आहे, आणि रोग्याच्याहि हिताचें नाहीं. पोट दाबल्यावांचून आणि ताप पाहिल्यावांचून त्यानें तरी काय सांगावें? याउलट, आंत शिरतांच आपली ऐपत सांगितली तर कोणती तपासणी आज अवश्य आहे, कोणती पुढें ढकलतां येईल, स्वस्त औषध कोणतें, हें तो निवडूं शकतो. जी माहिती आपण लाजेनें दडवितों, तीच त्याला उपयोगी असते.

एक नाजूक प्रश्न उरतो. उपाय संपले, वेदना मात्र संपत नाहींत, अशा वेळीं सुईनें शेवट करावा काय? १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत असाध्य वेदनांनीं तळमळणाऱ्या वांसरास गांधींनीं डॉक्टरांकडून मरण देवविलें, आणि त्याबद्दल पुष्कळ निंदा सोसली. आम्हांस त्यांचा निर्णय दयेचा वाटतो. पण तीच सुई जेव्हां साध्य रोगाचा खर्च वांचविण्यासाठीं टोंचली जाते, तेव्हां तिला दयेचें नांव देऊं नये. दोन्ही ठिकाणीं सुई एक, औषध एक. फरक ती कोणासाठीं टोंचली एवढाच, आणि तो ओळखण्यास दुसऱ्या कोणाची गरज पडत नाहीं.

असो. मार्गशीर्षांत धाकटीनें आणखी एक पिलूं आणण्याचा हट्ट धरिला. आम्हीं 'नाहीं' म्हटलें नाहीं, पण आधीं तिला घेऊन त्याच सरकारी दवाखान्यांत गेलों. लसी कोणत्या, केव्हां, काय पडतें, हें रांगेंत उभें राहून विचारलें. आमच्या पुढें एक धनगर आपली शेळी घेऊन उभा होता. परत येतांना वाटेंत तिला सांगितलें कीं, मोत्याच्या वेळीं पैसे नव्हते असें आम्हीं म्हटलें तें खोटें होतें. पैसे होते, पण आम्हांस विचारण्याची लाज वाटली, आणि ती गोळीहि आम्हींच दिली होती. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. घराच्या फाटकापाशीं आल्यावर तिनें एवढेंच विचारलें, "आतां नाहीं ना वाटणार?" आम्हीं 'नाहीं' म्हणून सांगितलें. तें उत्तर खरें करणें आतां आमच्याकडे आहे.