मौनावरून काय सिद्ध होते?

आपल्याला जे ठाऊक असते त्यातले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले फार थोडे. निविदा कुणाला मिळाली, कोठडीतला माणूस कशाने मेला, हे कुणीतरी सांगितले म्हणून कळते. न्यायदर्शनाने अशा ज्ञानाला शब्दप्रमाण म्हणून प्रत्यक्ष आणि अनुमानाच्या पंक्तीला बसवले. पण कुणाचा शब्द मानायचा? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन दोन अटी सांगतो: सांगणाऱ्याने गोष्ट स्वतः नीट जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे, असेही तो बजावतो. म्हणजे विश्वासार्हता जन्माने येत नाही; सरकारी अधिस्वीकृतीपत्रिकेनेही येत नाही, अशी पुस्ती मी जोडेन. वृत्तपत्रस्वातंत्र्य हा पत्रकारांचा खास हक्क नसून वाचकाच्या ज्ञानाची पूर्वअट आहे, हे या दोन अटींतूनच निघते.

आज पत्रकारावर येणारी संकटे नेमकी या दोन्ही अटींवर घाव घालतात. जाणणे अवलंबून असते आतून माहिती देणाऱ्यावर, एखाद्या कारकुनावर किंवा लेखापालावर. 2021 साली पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने पत्रकारांच्याही फोनांवर पाळत ठेवल्याच्या आरोपाचे प्रकरण बाहेर आले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या 29 पैकी 5 फोनांत घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगॅससच होते असे ठामपणे सांगता आले नाही आणि सरकारने सहकार्यही केले नाही, असे ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयात स्पष्ट झाले. पाळत सिद्ध होवो न होवो, कारकुनाने फोन उचलणे बंद करायला संशय पुरतो. सांगण्याची इच्छा मारायचे काम कायदा करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी आजही फौजदारी गुन्हा आहे आणि कैद दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. बचावासाठी मजकूर खरा असून भागत नाही, तो लोकहितासाठी छापला हेही दाखवावे लागते. शिक्षा होणे दूरच राहिले. दूरच्या कोर्टात वर्षानुवर्षे तारखांना घातलेले खेटे हीच शिक्षा. त्यातून निर्दोष सुटलेला वार्ताहर पुढची बातमी मोघम लिहितो.

यावर आक्षेप येतो तो साधा नाही. पत्रेच खोटे छापतात, त्याचे काय? मराठी पत्रकारितेने हा प्रश्न फार लवकर अनुभवला. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे छत्रपती चौथ्या शिवाजींचा छळ करतात, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने केला. त्याला आधार असलेली पत्रे बनावट निघाली. या वृत्तपत्रांचे संपादक टिळक-आगरकर यांना 1882 साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. बर्व्यांना अब्रू होती आणि तिच्या रक्षणाचा त्यांचा हक्क खराच होता. पण दुसऱ्याच वर्षी हेच तरुण महाराज अहमदनगरला इंग्रज रखवालदाराशी झालेल्या झटापटीत मरण पावले. पुरावा खोटा होता, महाराजांविषयीची काळजी मात्र निराधार नव्हती. अब्रूची भरपाई जाहीर दुरुस्तीने आणि दिवाणी दाव्याने होऊ शकते. तुरुंगातून बाकीच्यांना एवढाच धडा मिळतो की वाड्याच्या भिंतीआडचे कुणी विचारू नये. टिळक-आगरकर तो धडा शिकले नाहीत, पण कायद्याने प्रत्येक वार्ताहराकडून तेवढ्या हट्टाची अपेक्षा धरू नये. मग सरकारनेच खरे-खोटे ठरवावे का? केंद्राने 2023 साली आपल्या कारभाराविषयीच्या मजकुराची सत्यता तपासणारा स्वतःचाच कक्ष नेमण्याची तरतूद केली होती. ज्याच्याविषयी साक्ष आहे तोच साक्ष पारखणार! मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

प्रामाणिक राज्यकर्त्यानेही हे स्वातंत्र्य का जपावे, याचे उत्तर मला मीमांसकांकडे सापडते. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, हे ज्ञान कुमारिलाच्या परंपरेत स्वतंत्र प्रमाणाने होते. त्याला अट एकच: घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात काही न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. जिल्ह्यात भ्रष्टाचाराची एकही बातमी नाही, म्हणून कारभार स्वच्छ, हा निष्कर्ष पत्रकार निर्भय असेल तरच टिकतो. त्याला गप्प करणारे सरकार स्वतःच्या निष्कलंकपणाचा पुरावाही गमावते.

राष्ट्रीय सुरक्षेसाठी कधी पाळत लागते, हे मान्य. मग परवानगी स्वतंत्र न्यायाधीशाने आधी द्यावी. मागणाऱ्याच्याच खात्यातल्या सचिवाने नव्हे. महाराष्ट्र विधिमंडळाने 2017 साली पत्रकारांवरील हिंसा आणि माध्यमसंस्थांच्या मालमत्तेची नासधूस यांविरुद्ध कायदा मंजूर केला, ते चांगलेच झाले. दगड आणि लाठी त्यात येते. त्रास देण्यासाठीच गुदरलेला खटला आणि फोनमध्ये शिरलेला हेर अजून त्याच्या कक्षेबाहेर आहेत.