‘येणारे’ किती?



सार्वजनिक पैसा कोणासाठी खर्च करावा, असे विचारले तर आपण लगेच म्हणतो, ‘ज्याला गरज आहे त्याच्यासाठी.’ पण गरज कोणाची मोजायची? जे आपल्या गावात राहतात त्यांचीच, की ज्यांना यायचे आहे पण ज्यांच्यासाठी आपल्याकडे घरच नाही त्यांचीही? अमेरिकेत हा प्रश्न एकदा सरकारी अर्जातच विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावरून प्रकरण न्यायालयात गेले.

२२ ऑगस्ट १९७४ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एका कायद्यावर सही केली. तोपर्यंत तेथील केंद्र सरकार वस्ती सुधारणा, सांडपाणी, मोकळी मैदाने अशा प्रत्येक कामासाठी शहरांना वेगवेगळे अनुदान देत असे. नव्या कायद्याने ही अनुदाने एकत्र केली. लोकसंख्या, गरिबी आणि घरांतील दाटी यांचा हिशेब करून शहराला ठोक रक्कम मिळू लागली. गटारे बांधायची, जुनी घरे दुरुस्त करायची की समाजकेंद्र उभारायचे, हे शहराने लोकांचे म्हणणे ऐकून स्वतः ठरवायचे होते.

यामागचा विचार आपल्या ओळखीचा आहे. लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्या सत्तेने आपल्या हाती घेऊ नये, अशी शिकवण पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या परिपत्रकात दिली होती. कोणत्या गल्लीत पाणी तुंबते हे राजधानीत बसलेल्या अधिकाऱ्यापेक्षा त्या गल्लीतल्या माणसाला अधिक कळते.

पण जवळून पाहणाऱ्याचीही एक मर्यादा असते. त्याला आपली माणसे दिसतात, वेशीबाहेरची दिसत नाहीत. म्हणूनच त्या कायद्यात एक अट होती. कमी उत्पन्नाच्या किती लोकांना घराची गरज आहे, हे प्रत्येक नगराने अर्जासोबत लिहून द्यायचे. त्यात तेथे राहणारे लोक धरायचे आणि राहायला येतील अशी अपेक्षा असलेलेही धरायचे. गरीब कुटुंबे मोठ्या शहरांच्या जुन्या वस्त्यांतच कोंडलेली राहू नयेत, हा त्यामागचा हेतू होता.

आता हार्टफर्डची गोष्ट पाहू. हे कनेक्टिकट राज्याच्या राजधानीचे शहर, विमा कंपन्यांसाठी प्रसिद्ध. शहरात गरिबांची वस्ती मोठी आणि भोवतालची नगरे बहुतांशी सुखवस्तू. १९७५ साली यांपैकी सात नगरांचे अनुदान मंजूर झाले. त्यातल्या बहुतेकांनी ‘येणारे’ या प्रश्नापुढे शून्य लिहिले होते आणि केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने ते चालवून घेतले होते. हार्टफर्ड शहराने दावा लावला. १९७६ साली न्यायालयाने त्या नगरांचा पैसा रोखला. परंतु १९७७ साली वरिष्ठ न्यायालयाने हा निकाल फिरवला. हार्टफर्डला असा दावा लावण्याचा अधिकारच पोहोचत नाही, असे त्याने ठरवले. शून्य योग्य होते की नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या नगरांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचीही बाजू समजून घेऊ. उद्या कोण येईल याचा आकडा नेमका सांगणे खरोखरच कठीण असते. पण ‘ठाऊक नाही’ म्हणणे वेगळे आणि ‘कोणीही नाही’ म्हणणे वेगळे. शिवाय हे शून्य स्वतःच स्वतःला खरे करते. कोणी गरीब येणार नाही असे धरले की स्वस्त घरे बांधली जात नाहीत, आणि घरे नसली की खरोखरच कोणी येत नाही. मग नगर म्हणते, पाहा, आम्ही सांगितले तसेच झाले ना!

माझ्या मते या प्रकरणातला नैतिक मुद्दा इथेच आहे. जे आत आहेत त्यांचीच गरज मोजायची ठरवली, तर ज्याने दार लावून घेतले त्याचा हिशेब नेहमी बरोबर येतो, आणि ज्याने दार उघडे ठेवले त्याच्यावर सारा भार पडतो. गरज मोजताना अपेक्षाही मोजावी लागते, आणि अपेक्षा ही बऱ्याच अंशी आपल्या इच्छेची गोष्ट आहे.

पुढे कायदा अधिक कडक झाला. या अनुदानातील किमान ७० टक्के रक्कम कमी व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या हितासाठीच खर्च व्हावी, असे बंधन १९९० साली आले. ते आवश्यकच होते. तरीही ‘तुमच्याकडे कोण यावे असे तुम्हांला वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर कोणताही कायदा आपल्या वतीने देऊ शकत नाही.

आपणही समित्यांत बसतो, गरजूंच्या याद्या करतो. यादी पुरी झाली की क्षणभर थांबावे आणि एकमेकांना विचारावे : जे अजून आपल्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांच्यापुढे आपण कोणता आकडा लिहिला आहे?