विटेवरचा पाहुणा आणि घरातला बिऱ्हाडकरू

शहापूर तालुक्यात आसनगावच्या बाजूस कीर्तन आटोपून आम्ही बुक्का लावीत होतो. एक वृद्ध माळकरी पायांवर डोके ठेवून उठेचनात. म्हणाले, "बुवा, गळ्यात माळ आहे. बिऱ्हाडकरूला घराबाहेर काढला तर पाप लागंल का?"

हकीगत विचारली. दोन खोल्या, त्यांच्या व विधवा सुनेच्या नावे. अकरा महिन्यांच्या कराराने एका कुटुंबास दिल्या. करार संपून वर्ष लोटले, भाड्याचा पैसा नाही. त्यातून बिऱ्हाडकरूची बायको गरोदर. धाकटा मुलगा म्हणतो, "भांडी रस्त्यावर फेकू, वीज तोडू, मग बघू कसे राहतात!" शहापुरास आगगाडी, मुरबाडास कारखाने, खोल्या भाड्याने देणारी घरे दोहीकडे पुष्कळ झाली. तेव्हा हा प्रश्न एकट्या त्या म्हाताऱ्याचा नव्हे.

अतिथी कोणास म्हणावे? शास्त्राने एका रात्रीच्या मुक्कामापुरता हा शब्द ठेवला आहे. पौषात म्हशाच्या यात्रेला मुरबाडकडची घरे पाहुण्यांनी भरतात, यात्रा उलगली की रिकामी होतात. वारकरी तर रोज दुसऱ्याच्या ओट्यावर निजतो. पहाटे पडशी आवरतो, ओटा झाडतो आणि वाटेला लागतो. नाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे राहिला खरा, पण कावडीने पाणी भरून राहिला. फुकट नाही!

आणि सर्वांत जुना पाहुणा पंढरीस आहे. पुंडलिक आईबापांचे पाय चुरीत होता. देव दारात आला. पुंडलिकाने वीट फेकली, "थांबा" म्हणाला. वैकुंठीचा धनी, पण घरधन्याने जागा दाखविली तेथेच उभा राहिला. अजून उभा आहे. आत शिरून माजघर बळकावले नाही. देवाला जे साजले नाही ते बिऱ्हाडकरूला कसे साजेल?

यावर कोणी तुकोबारायांचे नाव काढील. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, मग आपण भाडे का मागावे? बाबांनो, पुरती कथा ऐका. महाराजांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हाती दिला आणि आपलाच तेवढा डोहात टाकला. भावाच्या पोराबाळांच्या तोंडचा घास त्यांनी औदार्याने उधळला नाही. आम्ही त्या वृद्धास म्हटले, "तुमचे अर्धे सोडायचे तर खुशाल सोडा. सुनेचे अर्धे सोडणारे तुम्ही कोण?" गृहस्थ रडू लागले.

आता धाकट्याचे. वीजपाणी तोडणे हा मार्ग माळकऱ्याचा नव्हे, आणि कायद्याचाही नव्हे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यास मनाई केली आहे. शिवाय १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणे, बळाने बाहेर काढलेला मनुष्य सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. तेव्हा घर कोणाचे हे विचारले जात नाही. म्हणजे भांडी फेकून उलट आपणच आरोपी! भाडे नियंत्रण कायदा जेथे लागू आहे, तेथे राहण्यासाठी दिलेल्या जागेची करारमुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि पुढच्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने मागता येते. करार लेखी व नोंदलेला हवा. ते काम घरमालकाचेच. पाचशे रुपये वाचवायला तोंडी सौदा करणारे भाविक आम्ही पुष्कळ पाहिले. मग विठोबाला नवस करतात.

त्या वृद्धांचा करार सुदैवाने नोंदलेला होता. बाळंतपण होऊन सव्वा महिना जाईपर्यंत थांबायचे, हे त्यांनीच ठरविले. बाळंतिणीला सुनेने डिंकाचे लाडू दिले. नोटीस मात्र त्याआधीच वकिलाकडून गेली होती. तारीख लागण्यापूर्वी बिऱ्हाड हलले. म्हाताऱ्याने आपले अर्धे सोडले. सुनेचे अर्धे अजून यायचे आहे, आणि ती ते दर महिन्याला मागते.