उताणी कवडी

मोक्षपटाच्या खेळात सोंगटीला स्वतःचे पाय नसतात. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी साप. हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते. माउलींपुढे तोंड उघडायची माझी प्राज्ञा नाही. पण दया न करताच दयेची शिडी चढलो, तर त्यात पुण्य ते कसलं?

दुसऱ्याच्या हातानं चालणं म्हणजे काय, हे आमच्या रत्नागिरीला वेगळं शिकवावं लागत नाही. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ मध्ये इथे आणून ठेवला, तो १९१६ मध्ये इथेच वारला. मधल्या काळात हलला तो १९१० मध्ये बांधून झालेल्या राजवाड्यात. राजा असून ही गत!

आषाढातली संध्याकाळ. तापातून नुकताच उठलेला मी तिसऱ्यांदा त्याच सापाच्या तोंडी चाललो होतो. कंदिलाची वात वर करताना आजीचा पदर एका कवडीला लागला. पाचाचे चार झाले. चार म्हणजे दया!

"आजी, लबाडी केलीस!"

"चढ मुकाट्यानं, मेल्या."

एकादशीला पाणीही न पिणारी माझी आजी! शिडी मी चढलो खरा. पण दयेच्या घरात त्या वेळी होतं कोण?

परवा नातीशी खेळताना माझी बाही अशीच कवडीला लागली. तिनं माझं मनगट धरलं, कवडी पुन्हा उताणी केली आणि मोजून आपली सोंगटी सापाच्या तोंडात नेली. मग डोळे पुसत म्हणाली, "टाका आजोबा, तुमची पाळी."