मागील शिल्लक

परवा रविवारी पुतण्या आमच्याकडे बदलापूरला आला आणि चहा होईपर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन भराभर काहीतरी खोडू लागला. बँकेतल्या कारकुनाला खाडाखोड दिसली की छातीत धस्स होतं. मी म्हटलं, "अरे, शेजारी सही तरी कर!"

तो हसला. लिनक्सवरचं आरपीएम पॅकेज कसं बांधायचं याची एक फाईल असते म्हणे. तिच्या शेवटी चेंजलॉग, म्हणजे बदलांची रोजकीर्द: तारीख, करणाऱ्याचं नाव, काय दुरुस्त केलं. ताजी नोंद वर, जुनी खाली. हे बाड पॅकेजात बसून प्रत्येक यंत्रावर जातं. तेव्हा जुन्या नोंदी छाटायच्या.

"आणि ती कामं ज्यांनी केली, त्यांची नावं?"

"गिटमध्ये सगळं आहे, काका. ज्याला हवं तो तिथे बघेल."

गिट म्हणजे त्यांचा माळा असावा.

तसं आम्ही तरी काय करतो? 1985 च्या नियमांप्रमाणे बँकेनं काही दप्तर पाच वर्षं जपायचं, काही आठ वर्षं. पासबुक भरलं की नव्याच्या पहिल्या ओळीत 'मागील शिल्लक' लिहायची, की झालं. आकडा पैशापर्यंत बरोबर. तो कसा जमला, ते मात्र जुन्या पासबुकालाच ठाऊक.

माझी शाखा उल्हासनगरात. लष्करी छावणी गेली, फाळणीनंतर सिंधमधली माणसं तिथे आली, 1949 साली गावाचं नाव बदललं. तरी रिक्षावाल्याला अजून 'कँप नंबर चार' असंच सांगावं लागतं. अंबरनाथच्या शिवालयातली शके 982 ची, म्हणजे 1060 सालची नोंद तर दगडातच आहे. तिथे खोडरबराचं काही चालत नाही. आमचं बदलापूर मात्र गरीब. इथे घोडे बदलत म्हणून हे नाव, असं सांगतात. पण कोणी कोणता घोडा बदलला, याची एक ओळ नाही.

रात्री माळ्यावर चढलो. अण्णांची बारा पासबुकं तिथे आहेत. अण्णा गेले, खातं बंद झालं, आणि सौ. त्या गठ्ठ्याकडे रद्दीवाल्याच्या नजरेनं बघत असते. सहज एक उघडलं. जून 1996: काढले 900, शिल्लक 112. माझ्या कॉलेजची फी! अण्णा तेव्हा म्हणाले होते, "ऑफिसात बोनस मिळालाय, काळजी करू नकोस." मी त्या बोनसवर तीस वर्षं विश्वास ठेवला. एवढंच नव्हे, त्या वर्षी त्यांनी चपला घेतल्या नाहीत म्हणून त्यांना चिक्कूही म्हणालो.

पुतण्याचं म्हणणं मला पटतं. सगळ्यांनी सगळ्यांचं ओझं कशाला वाहायचं? पण छाटणाऱ्यानं एकदा वाचावं की नाही? मी फोन करून विचारलं, "तू छाटलेल्या नोंदी वाचल्यास का रे?"

"एवढ्या? नाही, काका."

मग मी सौ.शी तडजोड केली: एक ठेवायचं, अकरा द्यायची. ती चटकन कबूल झाली. पण काल मी त्या अकरांतलं एक उघडलं, आणि आता बोलणी पुन्हा पहिल्यापासून चालू आहेत.