तिसऱ्या भेटीचा आकडा

डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेकडून संशोधक विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला आणि ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार?’ हा सवाल महाराष्ट्रभर गाजला. लोक संतापले, ते योग्यच झालं. पण संतापलेल्यांनी दिलेलं उत्तर मला त्या सवालाहून जास्त खुपलं. आमचे विषय शेतकऱ्यांचे आहेत, शासनाला आमच्या शिफारशी उपयोगी पडतील, असं ते उत्तर. म्हणजे समोरच्याची मोजपट्टी मान्य करूनच आपण वाद घालत होतो.

हे संशोधक फुकटे आहेत, असं म्हणणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही. खासगी कंपन्यांनी पैसा द्यावा म्हणणाऱ्यांनी आटलेल्या विहिरीत रस असणारी कंपनी दाखवावी. उपयुक्ततावाद्यांचं म्हणणं मात्र रास्त वाटतं, म्हणूनच ते जास्त घातक आहे. पैसा जनतेचा, तेव्हा विषय आणि त्याचा उपयोग आधी सांगा, असा त्यांचा आग्रह. निदान शेती आणि पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात तरी तो टिकत नाही. तिथे नेमकं काय विचारायचं, हेच शिवारात गेल्यावर कळतं.

मराठवाड्यात भूजलावर काम करत असताना एका शेतकऱ्याला मी विचारलं, बोअर किती? ‘दोन.’ दुसऱ्या भेटीतही दोनच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पावसानं दगा दिलेला होता. बांधाबांधानं चालताना त्यांनी दगड ठेवून झाकलेली तीन तोंडं दाखवली. ‘ही पण धरता का तुमच्या कागदात? यांना पाणीच लागलं नाही.’ त्या तिन्हींचे पैसे सावकाराकडून उचललेले. माझ्या प्रश्नावलीत चालू बोअरचा रकाना होता, कोरड्या बोअरचा नव्हता. शेजारी खोल गेला की याला खोल जावं लागतं, आणि पाण्याची खरी किंमत त्या फसलेल्या भोकांत गाडलेली असते. हे आधी सांगा म्हटलं असतं, तर मी काय सांगणार होतो?

पहिल्या भेटीचा आकडा कोणतीही सर्वेक्षण संस्था महिनाभरात आणून देते. तो खोटा असतो असं नाही, अनेक कामांना तो पुरतोही. पण तिसऱ्या भेटीचा आकडा वेगळ्या जातीचा असतो. त्याला एक बरं आणि एक वाईट वर्ष पाहावं लागतं, आणि मधल्या काळात अभ्यासकाला पोटासाठी गाव सोडून चालत नाही. अधिछात्रवृत्ती लागते ती यासाठी.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा १९६५ चा प्रबंध भूजलावरचाच होता. लॉस एंजेलिसजवळ अतिउपशामुळे गोड्या पाण्यात समुद्राचं पाणी शिरत होतं, आणि पाणी उपसणाऱ्यांनीच त्यावर मर्यादा कशी घालून घेतली, हे त्यांनी तपासलं. सामायिक संपत्तीवरच्या कामासाठी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं २००९ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी. त्या प्रबंधाचा उपयोग १९६५ साली कोणत्या अर्जात लिहिला असता? आपल्याकडे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी-प्रवरा कालव्यांचे अप्रत्यक्ष लाभही मोजले, ती परंपरा फार लांबची नाही.

सुमार प्रबंध होतात, हे मी नाकारत नाही. उचलेगिरीही होते, आणि ती पकडलीच पाहिजे. पण विषय वरून ठरवून दिल्यानं सुमार प्रबंध थांबणार नाहीत. मागितलेली उत्तरं तेवढी वेळेवर मिळतील, आणि त्यांत कोरडे बोअर नसतील.

जानेवारी २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ अधिछात्राला दरमहा ३७,००० रुपये आहेत. रक्कम वाईट नाही. पण कुठलीही अधिछात्रवृत्ती महिनोन्महिने रखडली की त्या काळातला हंगाम हातचा जातो, आणि तो थकबाकी मिळाल्यावर परत येत नाही. देणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे: विषय मुलांना निवडू द्या, आणि पैसे मृगाच्या आत खात्यावर जमा करा.