उरलेल्या भाताचं काय?

खोकल्याच्या औषधाबरोबर प्लास्टिकचं छोटं माप मिळतं, 30 मिलीचं. सहा वर्षांपूर्वी मी तीन आठवडे त्या मापाने जेवले. मुगाचं कढण गाळून थर्मासमध्ये भरलेलं असायचं. माप भरायचं, घोट घोट घ्यायचं, संपायला दहा-पंधरा मिनिटं लागायची. जरा घाई झाली की छातीच्या मधोमध कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. बाहेर घरची माणसं जेवायला बसलेली असायची. लसणाची फोडणी पडल्याचा वास यायचा, आणि मला भूक नसायची. चाळीस वर्षं जिच्याशी भांडले ती भूक निघून गेली होती, आणि मी पलंगावर बसून रडत होते.

का रडत होते ते कळायला वर्ष गेलं. वजन उतरवायच्या ऑपरेशनच्या आधी कळलं असतं तर ते वर्ष इतकं जड गेलं नसतं.

माझी उंची 5 फूट 2 इंच आणि वजन तेव्हा 118 किलो. नऊ वर्षांचा मधुमेह. झोपेत श्वास अडायचा म्हणून रात्री नाकावर मास्क लावून झोपायचे. माझं ऑपरेशन झालं ते ‘स्लीव्ह’. त्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग कापून कायमचा काढून टाकतात, आणि उरते ती केळ्याएवढी नळी. दुसरा प्रकार ‘बायपास’, त्यात जठराची वरची छोटीशी पिशवी वेगळी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. हे काम पोटाला चार-पाच छिद्रं पाडून दुर्बिणीतून होतं. दोन-तीन दिवसांत माणूस घरी येतो. म्हणूनच सगळ्यांना वाटतं, मोठं काम झालं, आता वजन उतरायची वाट बघायची.

शरीराची तयारी आजकाल बहुतेक ठिकाणी नीट करून घेतात. माझीही घेतली. आधीचे दोन आठवडे पिठूळ-गोड जवळजवळ बंद. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठर दिसत नाही. लठ्ठ माणसाचं यकृत चरबीने फुगलेलं असतं, आणि दोन आठवड्यांच्या पथ्याने ते मऊ आणि लहान होतं. हे कारण समजावून सांगितलं की पथ्य पाळावंसं वाटतं. नुसतं ‘भात बंद’ म्हटलं की माणूस चोरून खातो. तीन रंगीत गोळ्यांच्या यंत्रात श्वास ओढायचा सराव, रोजचं चालणं, रक्तातलं बी-12, लोह आणि ड जीवनसत्त्व आधीच तपासणं, हे सगळं झालं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगते. तंबाखू बंद करायला सांगतात, कारण निकोटिनने जखम भरायला वेळ लागतो. आमच्या सातारा भागातल्या बायका ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्री लावतात ते त्यांच्या हिशेबी दात घासणं असतं. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या मावशींचं ऑपरेशन आदल्या संध्याकाळी पुढे ढकललं गेलं ते त्यांच्या पिशवीत मिश्रीची डबी सापडली म्हणून. त्यांना कुणी खोटारडं म्हणू नये. प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला गेला नव्हता.

आणि सवयीचं म्हणाल तर जेवताना ताटाशेजारचा तांब्या. पुढे आयुष्यभर जेवण वेगळं आणि पाणी वेगळं, मधे अर्धा तास, आणि प्रत्येक घासाचं तोंडातच पीठ व्हायला हवं. ही सवय ऑपरेशनच्या दिवशी लागत नाही. दोन महिने आधीपासून तांब्या उचलून ओट्यावर ठेवायचा आणि ताटातला मोठा चमचा काढून मुलांचा चमचा घ्यायचा. मी हे केलं नाही. डिस्चार्जनंतर दुसऱ्या महिन्यात मऊ पोळीचा एक घास अडकला तेव्हा मोरीत उभं राहून अर्धा तास लाळ गाळत होते.

मनाच्या तयारीची गोष्ट वेगळी. जिथे माझं ऑपरेशन झालं तिथे समुपदेशन म्हणजे दहा मिनिटं आणि एक सही. ‘खाण्यावर ताबा ठेवायची तयारी आहे ना?’ ‘आहे.’ ह्यांना विचारलं, ‘तुमची संमती आहे ना?’ ‘आहे.’ संपलं. सासूबाई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांना कुणी आत बोलावलं नाही, आणि घरातलं अन्न तर त्यांच्या हातात होतं.

आठव्या महिन्यात माझं वजन 84 वर येऊन थांबलं. भूक नव्हती, तीन वेळा अर्धी-अर्धी वाटी जेवत होते, तरी काटा हलेना. तेव्हा मी पुण्यात एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी उपदेश केला नाही, एक वही दिली. दोन आठवडे जे तोंडात जाईल ते लिहायचं: किती वाजता, कुठे उभी होते की बसले होते, भूक होती का, बरोबर कोण होतं. वही भरली आणि मला माझं घर दिसलं. चौदापैकी अकरा रात्री सव्वादहाच्या सुमारास एकच नोंद होती: ‘ओट्याशी, उभ्याने, पातेल्यातला भात दोन चमचे, वर आमटी. भूक नाही. कुणी नाही.’ कधी भाताऐवजी मुलाने टाकलेला पोळीचा तुकडा, कधी डब्याच्या तळचा चिवडा. मऊ आणि भुगा झालेलं असलं की लहान जठरातूनही ते सरसर उतरतं. त्रास होत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात उरलेलं मी संपवत आले होते. कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई संपवायच्या, त्यांनी माझ्याकडे दिलं. त्यांचं माहेर माणमधलं. 1972 च्या दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या होत्या, सुकडी खाऊन दिवस काढले होते. त्यांच्यासाठी भात टाकणं म्हणजे नुसता भात टाकणं नाही, आणि मी त्यांना कधीही चूक म्हणणार नाही. वर आपल्याकडे कुणी अवचित आलं तर उपाशी जाऊ नये म्हणून दोन माणसांचं जास्तच शिजवायचं. येणारा रोज येत नाही आणि भात रोज उरतो. फ्रिज आले, फोडणीचा भात सकाळी होतो, तरीही शेवटचे दोन चमचे कुणाच्या तरी पोटात जातात. ते पोट घरातल्या बाईचं असतं. जठर कापलं गेलं तरी ही रीत कापली जात नाही, आणि ती कुठल्या रक्ततपासणीत दिसत नाही.

मग मला ते पहिल्या आठवड्यातलं रडणं समजलं. भूक गेली म्हणून मी रडत नव्हते. घरातलं माझं एक काम गेलं होतं. जेवण उरकल्यावर सगळे उठून गेलेले, दिवे अर्धे मालवलेले, हात भांड्यांत, आणि तोंडात कुणाचाही वाटा नसलेला घास. तेवढीच पंधरा मिनिटं दिवसातली माझी होती. ती गेल्यावर दुसरं काही ठेवलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी काय ठेवायचं ते शोधायला हवं होतं.

प्रत्येकाचा भात वेगळा असतो. माझ्याच दिवशी ऑपरेशन झालेले एक गृहस्थ होते, साखर कारखान्यात नोकरीला. त्यांचं खाणं म्हणजे शनिवारची मित्रांची बैठक. वजन 40 किलोंनी उतरलं आणि बैठकीतलं मटण सुटलं. ग्लास राहिला. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू फार लवकर रक्तात चढते. अमेरिकेतल्या 10 रुग्णालयांतल्या रुग्णांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. दारूच्या आहारी गेलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनआधी 7.6 टक्के होतं, दुसऱ्या वर्षी ते 9.6 टक्के झालं. पहिल्या वर्षी फारसा फरक नव्हता. सगळे अभिनंदन करून आपापल्या वाटेने जातात आणि तपासण्या लांबतात, तेव्हाच ही वाढ होते. अन्न ज्या जागी होतं ती जागा रिकामी झाली की तिथे काय येऊन बसेल, हा प्रश्न टेबलावर झोपण्याआधी विचारावा. नंतर तो कुणीच विचारत नाही.

‘ऑपरेशनच केलं ना, त्यात काय मोठं!’ हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं, लग्नकार्यात ऐकलं. मला ते अजून लागतं. मी त्याआधी अकरा वेळा वजन उतरवलं होतं. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं. पथ्याने वजन उतरवलं की शरीर ते वाढवतं, म्हणजे जितकं उतराल तितकी भूक जास्त. अकरा वेळा मी हरले ती माझ्याच रक्ताशी. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात त्यातच घ्रेलिनचं मोठं कोठार असतं, म्हणून माझी भूक गेली. हे मला आधी कुणी समजावून दिलं असतं तर मी स्वतःला आळशी आणि खादाड म्हणत ऑपरेशनच्या खोलीत गेले नसते. स्वतःचा राग घेऊन गेलेला माणूस नंतर वजन एक किलोने वाढलं तरी कोसळतो. आणि थोडं वाढतंच. स्वीडनमध्ये 1987 पासून चार हजारांहून अधिक लठ्ठ माणसांचा अभ्यास चालला. त्यात सगळ्यात कमी वजन पहिल्या-दुसऱ्या वर्षी दिसलं, मग काही परत आलं. दहा वर्षांनंतर बायपास झालेल्यांचं वजन मूळ वजनापेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी कमी होतं. ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूही कमी झाले. या दोन्ही गोष्टी आधीच समजल्या पाहिजेत. माझं आज 81 आहे, मध्ये 76 होतं. माझी साखर गोळीशिवाय ताब्यात आहे.

केसांचं थोडक्यात सांगते. तिसऱ्या महिन्यापासून मोरीच्या जाळीत रोज पुंजका सापडायचा आणि माझी वेणी निम्मी झाली. वजन झपाट्याने उतरलं की असं होतं. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात गेली तर केस बहुधा परत येतात. आपल्या वरण-भाताच्या जेवणात ती गाठणं अवघड आहे, एका अंड्यात साधारण 6 ग्रॅमच असतात. बी-12, कॅल्शियम, लोह आणि ड जीवनसत्त्व जन्मभर. उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण बी-1 संपलं तर मेंदूला इजा होते. यात चालढकल नको.

शरीर पुढे जातं आणि मन मागे राहतं. 35 किलो उतरल्यावरही मी एसटीत चढताना आडवी होऊन चालायचे. कुणाच्या घरी गेले की प्लास्टिकची खुर्ची टाळून भिंतीकडचा दिवाण बघायचे. एकदा स्वारगेटला तीनच्या सीटवर दोघांच्या मधे जागा होती आणि मी उभी राहिले. कंडक्टर म्हणाले, ‘बसा की बाई, जागा आहे.’ मी पाहिलं, खरंच जागा होती. बसल्यावर माझ्या आणि शेजारणीच्या मांडीमध्ये चार बोटं अंतर उरलं. साताऱ्यापर्यंत मी त्या चार बोटांकडेच बघत होते.

लोक कौतुक करतात, ‘आता किती छान दिसतेस.’ आधी कशी दिसत होते, हे त्यात न बोलता आलेलं असतं. ह्यांना माझ्यासाठी आनंद होता, तरी मी नवा ड्रेस घालून शाळेत निघाले की ते गप्प व्हायचे. स्वीडनमध्येच 2018 साली दिसून आलं की अशा ऑपरेशननंतर जोडप्यांत विभक्त होण्याचं प्रमाण वाढतं, आणि एकट्या माणसांत नवी नाती आणि लग्नंही वाढतात. आम्ही मोडलो नाही. पण दीड वर्ष आम्ही दोघं एकमेकांशी नव्याने ओळख करून घेत होतो, आणि हे होणार आहे असं कुणी त्या दहा मिनिटांत सांगितलं असतं तर ह्यांना आपलं गप्प होणं लाजिरवाणं वाटलं नसतं.

वही भरल्यावर मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. धीर करूनच. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून त्यांनी पितळेचं छोटं पातेलं काढलं, कल्हई करून आणलं, आणि संध्याकाळी त्यात मोजून दोन वाट्या तांदूळ घातले. ‘कुणी आलं तर पिठलं टाकू,’ म्हणाल्या, ‘पिठल्याला किती वेळ लागतो.’ रात्री सव्वादहाला आता आम्ही दोघी अंगणात बसतो. त्या जपाची माळ ओढतात, मी काही करत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. दिवाळीनंतर त्यांचं ऑपरेशन आहे. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, विम्याचं झालं, सगळं त्यांनी पाठ म्हणून दाखवलं आणि विचारलं, ‘अजून काय तयारी करू, बाई?’ मी म्हटलं, तुमच्याकडे रात्री भात उरतो तो कोण संपवतं?

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाल्या, ‘मीच की.’

येत्या रविवारी त्या येणार आहेत. सासूबाईंना आणि थोरल्या जावेला बरोबर आणा, असं मी सांगितलंय.